हात न लावता दिलेला दवा

डॉक्टरचं ज्ञान मोठं की डॉक्टरची माणुसकी मोठी, असला वाद पांढरपेशे लोक चहा पिता पिता घालतात. आमच्या बाजूनं प्रश्न निराळा आहे. समोर पडलेला देह माणसाचा आहे, हेच डॉक्टरनं मानलं नाही, तर त्याच्या ज्ञानाचं आम्ही काय करायचं? लोणचं घालायचं?

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत एक प्रकरण नोंदवून ठेवलंय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य मास्तराचं पत्र 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं, ते. मास्तराची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत पाऊल टाकणार नाही. नगरशेठ मध्ये पडला, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा डॉक्टर आला. पण ओली बाळंतीण वस्तीबाहेर आणायची, या अटीवर. थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं, मुसलमानानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. त्याच वाटेनं ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात बघून डॉक्टर बोलला, न्यूमोनिया. औषध पाठवलं. पुन्हा बघायला आला नाही. शेवटी बाई मेली.

मित्रहो, त्या डॉक्टरला रोग कळला होता. शास्त्र त्याच्याकडं होतं, औषध होतं, वेळही होता. मग कशाची कमी होती? नाडीवर ठेवायला लागणाऱ्या दोन बोटांची. ती दोन बोटं हजारो वर्षांच्या धर्मानं बांधून ठेवली होती.

आता आजचं बघू. मी साखर कारखान्यात मिल सेक्शनला हंगामी कामगार. राहायला कोऱ्हाळे बुद्रुक. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, चहूकडं ऊस. बारामतीला 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार फुकट झालेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात आज कुणी आमची जात विचारत नाही. हा फरक लहान नाही, आणि तो कुणाच्या मेहेरबानीनं झालेला नाही.

पण रांगेत उभं राहून बघा. सपाटीच्या मुलखात 30,000 लोकांमागं एक केंद्र, असा सरकारी हिशेब. डॉक्टरनं सकाळच्या चार तासांत सव्वाशे माणसं बघायची म्हटली, तर माणशी दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. 2017 साली 67 देशांचा एक अभ्यास छापून आला. डॉक्टर रोग्याला किती वेळ देतो, याचा. स्वीडनमध्ये 22 मिनिटांच्या वर, आपल्या देशात दोन मिनिटांच्या आसपास, बांगलादेशात मिनिटभरही नाही. दोन मिनिटांत काय होतं? “काय होतंय?” “ताप हाय.” “किती दिवस?” “तीन.” चिठ्ठी. पुढचा. हात लागतच नाही. आणि हे सगळ्याच जातींच्या गरिबांना सारखं. समता आली म्हणायची ती अशी!

कुणी म्हणेल, 1929 आणि आज एकच. मी तसं म्हणणार नाही. ते खोटं होईल, आणि त्या मेलेल्या बाईचा अपमान होईल. काठेवाडच्या डॉक्टरला वेळ होता, इच्छा नव्हती. आजच्या पुष्कळ तरुण डॉक्टरांना इच्छा आहे, वेळ नाही. सरकारी बाँड पुरा करायला आलेलं पंचवीस वर्षांचं पोरगं. त्यानं ओपीडी बघायची, बाळंतपण बघायचं, साप चावलेला बघायचा, फवारणीचं औषध प्यालेला बघायचा, मढं फाडायचं, वर जिल्ह्याला रिपोर्ट भरायचे. एखादं माणूस दगावलं की नातेवाईक त्याचीच कॉलर धरणार. डॉक्टरला मारहाण होऊ नये म्हणून महाराष्ट्राला 2010 साली कायदा करावा लागला. ज्याला वेळच दिलेला नाही, त्याला न दिलेल्या वेळाबद्दल दोषी धरता येतं का? माझं उत्तर, नाही. दोष वेळ वाटणाऱ्याचा. ज्या राज्यात बड्यांच्या तब्येतीला अख्खं हॉस्पिटल उभं राहतं आणि आमच्या तब्येतीला दोन मिनिटं, तिथं वेळसुद्धा जमिनीसारखीच वाटली गेलीय.

पण आपल्याकडंही बघू. आपण डॉक्टरला काय म्हणतो? “सायेब, सलाईन लावा.” एखाद्यानं समजावून सांगितलं, की सलाईनची गरज नाही, गोळ्या घे, दोन दिवस पडून राहा, तर आपण त्याला बिनकामाचा ठरवतो आणि शेजारच्या खाजगी दवाखान्यात पैसे देऊन बाटली चढवून घेतो. शहाणे लोक याला अडाणीपणा म्हणतात. अडाणीपणा नाही हो तो. दोन दिवस पडून राहायला पोटाला दोन दिवसांचं लागतं. रोजंदारीचा माणूस दवाखान्यात बरा व्हायला जात नाही, उद्या उभं राहायला जातो. डॉक्टर औषध रोगावर देतो, रोगी ते हजेरीवर मागतो. दोघं एका टेबलाशी बसून दोन वेगळ्या गोष्टी बोलतात.

आणि मागेल ते देणारा डॉक्टर भेटला तर काय होतं, ते ऊसतोड बायकांना विचारा. हंगामात आमच्याकडं बीड-नगरकडून टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. बाईला वेगळं नाव नाही, हिशेबात ती अर्धा कोयता. मुकादमाची उचल फिटेस्तोवर दम नाही, आणि एक दिवस पडली की खाडा, खाड्याचा दंड. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, तर एकच सल्ला: पिशवी काढून टाक. 2019 साली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. कित्येक तर चाळिशीच्या आतल्या.

इथं माझा आधीचा विचार मला अपुरा वाटू लागतो. मी म्हणत होतो, हात लावत नाहीत. या बायकांना तर हात लावला, चांगला आतपर्यंत लावला, सुरी घेऊन. म्हणजे नुसता स्पर्श पुरत नाही. ही बाई अशी का दुखतेय, कुठं झोपते, मोळी किती वजनाची उचलते, पाणी कुठलं वापरते, हे विचारायला पाहिजे. न विचारता लावलेला हात आणि अजिबात न लावलेला हात, दोघांनाही माणूस दिसलेला नसतो. एकाला विटाळ दिसतो, दुसऱ्याला कोयता.

विचारणारा हात कसा असतो, तेही या मातीनं बघितलंय. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं पोर पाठीवर घेतलं आणि डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात आणलं. त्याच रोगानं 10 मार्चला त्या गेल्या. ज्या महाडात 1927 साली आपण तळ्याचं पाणी प्यालो, त्याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. लाल विंचू चावला की शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावत. बावस्कर रोग्याच्या उशाशी बसले. घाम कधी सुटतो, हातपाय कधी गार पडतात, छातीत पाणी कधी भरतं, सगळं लिहीत गेले. पुढं प्राझोसीन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी या विषावर वापरली, आणि मरणाचं प्रमाण शंभरी एक-दोनवर आलं. शेतमजुरांच्या उशाशी बसून निघालेलं हे शास्त्र जगाला घ्यावं लागलं.

पण सावध. अशा माणसांना आपण लगेच ‘देवमाणूस’ म्हणतो. हा शब्द मला खटकतो. देव म्हटलं की मागणं संपलं, नवस उरला. बाबासाहेबांनी आपल्याला देवळाबाहेर काढलं ते पुन्हा दवाखान्यात हात जोडून उभं राहायला नाही. डॉक्टर चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तर भोग, ही कर्मविपाकाचीच नवी आवृत्ती आहे. दया करणाऱ्याची लहर असते. हक्काला लहर चालत नाही.

म्हणून मागायचं ते नेमकं मागू. जिथं डॉक्टरांच्या जागा रिकाम्या तिथं त्या भरा. कामगार सुटतो त्या वेळेला, संध्याकाळी, ओपीडी चालू ठेवा. हंगामात आठवड्यातून एकदा नर्स आणि डॉक्टर कोप्यांवर येऊ द्या, आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. पिशवी काढायचा सल्ला दुसऱ्या डॉक्टरनं तपासल्याशिवाय अमलात येऊ नये. हे ग्रामसभेत बोलायचं, रुग्ण कल्याण समितीत बोलायचं, युनियनच्या मागण्यांत पगाराच्या शेजारी लिहायचं.

आणि आपल्यातल्या प्रत्येकानं एक करायचं. टेबलासमोरच्या स्टुलावर बसायचं, उभं राहायचं नाही. सायेब म्हणायचं नाही, डॉक्टर म्हणायचं. चिठ्ठी हातात आली की उठायचं नाही. विचारायचं: “डॉक्टर, मला झालंय काय?” मागं रांग खोळंबेल. मागचे ओरडतील. ओरडू देत. त्यांनाही आत आल्यावर हेच विचारायचं आहे.