आजीच्या अंगठ्याला कुलूप

"बोटाला कुलूप लावायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते आधी सांग," काका म्हणाले.

मी बँकेत नोकरीला, त्यामुळे घरातले असले विषय माझ्याकडेच येतात. गल्लीतल्या एका बाईंच्या खात्यातून पैसे गेले होते. त्यांना ना कुणाचा फोन आला होता, ना ओटीपी. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर गावातल्या दुकानात पैसे निघतात, एका वेळेला 10,000 रुपयांपर्यंत. पिन लागत नाही, कार्ड लागत नाही.

"आधारच्या अ‍ॅपमधून बोटांचे ठसे बंद करून ठेवायचे," मी म्हणाले. "मग कुणी नकली ठसा लावला तरी मशीन घेत नाही. तेलंगणात 2018 साली एका सिमकार्ड विकणाऱ्यानं जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उतरवून त्यांचे रबरी ठसे बनवले होते. आपल्याकडं खरेदीखतावर किती जणांचे अंगठे असतात, बघा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?"

"आणि रेशनचं काय? पीएम किसानचे 2,000 रुपये काढायचे असले तर?"

"त्या दिवशी थोड्या वेळापुरतं उघडायचं. नंतर ते आपोआप बंद होतं."

"कशानं उघडायचं?"

"अ‍ॅपवरून. ओटीपी येतो."

"कुणाच्या मोबाइलवर?"

आजीच्या आधारला माझा नंबर जोडलेला आहे. मी तसं सांगितलं.

"म्हणजे बोट तिचं, पण ते कधी चालायचं हे तू पुण्यात बसून ठरवणार," काका म्हणाले. "चोर ते परस्पर वापरतो. तू परस्पर बंद करणार. तिला विचारलं कुणीच नाही."

मला राग आला. त्या दुकानात काय चालतं ते मी पाहिलेलं होतं. आजीची बोटं खुरपणीनं झिजलेली, अंगठा लवकर उठत नाही. दुकानातला मुलगा तिचा हात धरून ओल्या फडक्यानं अंगठा पुसतो, मशीनवर दाबतो, म्हणतो, "आजी, उठला नाही, परत लावा." ती परत लावते. पुन्हा परत. स्क्रीन त्याच्याकडं तोंड करून असते. त्या तीन वेळांपैकी किती वेळा अंगठा खरंच उठला नाही, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार? पावती मागितली तर म्हणे रोल संपलाय. आजीच्या आधारची झेरॉक्स त्याच्या फाइलमध्ये कायमची पडून असते.

"या मुलावर विश्वास ठेवायचा?" मी विचारलं.

"पावसाळ्यात ओढा चढला की हाच मुलगा मशीन घेऊन घरी येतो. तिचे फॉर्म हाच भरतो. तो चोर आहे असं तुला म्हणायचंय का?"

"नाही. तो चोर नसला तरी त्याला चोरी करणं इतकं सोपं असू नये, असं म्हणायचंय."

हे काकांना पटलं असावं, पण त्यांनी विषय मागं नेला. म्हणाले, पूर्वी माणसाची ओळख गावाच्या डोळ्यांत असायची. पोलीस पाटील ओळखायचे, तलाठी ओळखायचे. दुसरी कुणी येऊन "मीच तुमची आई" म्हणाली असती तर पोरं हसली असती. ओळख अशी दहा जणांत वाटलेली असली की चोरायची कुणाकडून? आता ती एका बारा आकड्यांच्या क्रमांकात आणून ठेवली आणि जपायची जबाबदारी मात्र एकट्या म्हातारीवर टाकली.

त्यांचं हे बोलणं ऐकायला बरं वाटतं, म्हणूनच मी ते तसं सोडून दिलं नाही. "त्याच गावाच्या डोळ्यांदेखत आजीनं माहेरच्या जमिनीच्या हक्कसोड पत्रावर अंगठा उठवला होता ना? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिला ओळखणारे सख्खे भाऊ शेजारी उभे होते. कागदात काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवलं होतं?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नव्हतं दाखवलं. आणि भाऊ चोर होते असंही ती अजून म्हणत नाही."

आमचा खरा पेच इथं उघडा पडला, असं मला वाटतं. परक्यापासून ओळख जपायची तर ती घरच्यांच्या हाती द्यावी लागते. पण ज्यांना वाचता येत नाही, विशेषतः बायकांना, त्यांची ओळख घरच्यांनीच आधी वापरलेली असते, आणि तीही प्रेमानं. मी कायद्याचा आधार घेऊन पाहिला. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ज्यांच्या याचिकेतून तो निकाल आला ते पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, याचिका केली तेव्हा वयाची ऐंशी ओलांडलेले होते. "आजीच्याच वयाचे," मी म्हणाले.

"त्यांना कागद वाचता येत होता," काका म्हणाले.

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. पैसे गेले की 1930 नंबरला लगेच फोन करा, बँकेला तीन दिवसांच्या आत कळवा, झेरॉक्सऐवजी फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या, हे मी रोज लोकांना सांगते आणि ते सांगायलाच हवं. पण हे सगळं त्याच्यासाठी, ज्याला पैसे गेलेले कळतात. आजीला मेसेज आला तरी तो माझ्या फोनवर येतो.

शेवटी तिलाच ओसरीवर बोलावलं. कुलूप, ओटीपी, माझा फोन, सगळं सांगितलं. तिनं आधी विचारलं, "रेशन बंद नाय ना व्हायचं?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग लाव. पण फोन माझ्या नावावर घे, आन तो माझ्यापाशी राहू दे. आकडे शेजारची पोरगी वाचंल. ती रोज येती."

"आणि तिनं फसवलं तर?" काकांनी विचारलं.

"मला कळंल. ती माझ्यासमोर वाचंल." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "स्टँडवरच्या चहावाल्याकडं तो डबा असतो बघ. पैशे आलं की मोठ्यानं बोलतो, इतकं रुपये मिळालं म्हणून. चहावाल्याला तर डोळं हायत, वाचता येतं. त्याचा डबा बोलतो. मग ह्या पोराचं मशीन माझा अंगठा घ्यायच्या आधी आकडा का बोलत नाय? तू बँकेत हायस ना? इचार की साहेबाला."