मागील पानावरून पुढे

दिवाळीची साफसफाई मी हौसेने करतो, असे आमच्या घरात कुणी म्हणणार नाही. पण टेबलाचा खालचा खण दरवर्षी माझ्या वाट्याला येतो. यंदा त्या खणात, किल्ली हरवलेल्या एका कुलपाशेजारी, माझा जुना आयफोन सापडला. तासभर विजेला जोडून ठेवल्यावर त्याचा पडदा उजळला आणि २००९ सालची माझी कामांची यादी जशीच्या तशी पुढे उभी राहिली. दळण, विजेचे बिल, चष्म्याची काडी; साऱ्यांपुढे बरोबरची खूण. एका ओळीपुढची चौकट तेवढी रिकामी.

अमेरिकेत हा फोन जून २००७ मध्ये विक्रीला आला, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. लिहायला टोकदार काडी नको, आपले बोट हीच लेखणी! पण मौज अशी, की टिपणे ठेवण्यासाठी पिवळा रेघी कागद त्यात होता, कामांच्या यादीची सोय मात्र नव्हती. त्याच्या आधी, १९९६ साली निघालेल्या पायलट नावाच्या तळहाताएवढ्या यंत्रावर यादीसाठी वेगळे बटणच होते. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडले आणि ही उणीव भरून निघाली. ऑस्ट्रेलियात २००५ साली सुरू झालेल्या अशाच एका सेवेचे तर नावच ‘रिमेम्बर द मिल्क’, म्हणजे ‘दूध आठवणीने आणा’! नवरे सगळीकडे सारखेच, असे आमच्या घरात त्यावर मत पडले.

ऑगस्ट २००८ मध्ये फोन आपल्याकडे आला. किंमत एकतीस हजार. मी तो घरी आणून त्याची थोरवी सांगू लागलो, तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, कामांची आठवण करून द्यायचे काम मी इतकी वर्षे फुकटच करते आहे.”

तरीही त्या यादीत एक सुख होते, हे मी नाकारणार नाही. चौकटीवर बोट टेकले की खूण उमटे, ओळ फिकी होई, आणि आपण कुणी कर्तबगार गृहस्थ आहोत असे क्षणभर वाटे. पुढे पुढे तर आधीच उरकलेले काम मी मुद्दाम यादीत लिहून त्याच्यापुढे खूण करू लागलो. आणि जे काम राहून जाई, ते यंत्र मध्यरात्री आपणहून दुसऱ्या दिवसाच्या पानावर नेऊन ठेवी. मला विचारीतसुद्धा नसे.

माझे वडील यादी करीत ती पाठकोऱ्या कागदावर. रोज सकाळी नवा कागद, आणि कालची राहिलेली कामे ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवायची. एखादे काम चौथ्यांदा लिहावे लागले की ते स्वतःवरच चिडत आणि चहा तसाच टाकून ते काम करायला निघत. आजी तर पदराला गाठ मारीत असे. ती गाठ दिवसभर कमरेला टोचत राही. आता, गाठ कशासाठी मारली हेच ती कधी कधी विसरे, हेही खरे. पण काहीतरी राहिले आहे, एवढे तरी तिला विसरता येत नसे.

आता त्या रिकाम्या चौकटीविषयी. शाळेत मला गणित शिकवणारे सर तेव्हा सदाशिव पेठेत, जिना चढून वरच्या दोन खोल्यांत राहत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे मराठी पुस्तक जवळ असून त्यांना वाचता येत नव्हते. मी म्हणालो, “सर, मी येतो वाचून दाखवायला. दर रविवारी, चार वाजता.” जिना उतरता उतरताच मी ते फोनमध्ये टिपले. तेव्हा त्यावर देवनागरी उमटत नसे, म्हणून रोमन अक्षरांत लिहिले : ‘सरांना लीलावती’. वर दळण, खाली विजेचे बिल. तिन्ही ओळी सारख्याच उंचीच्या.

पहिल्या रविवारी पाहुणे आले. दुसऱ्या रविवारी पाऊस होता. तिसऱ्याचे कारण मला आता आठवत नाही, आणि तेव्हाही बहुधा काही कारण नव्हते. ओळ पुढे पुढे सरकत राहिली. असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी मी गेलो. सरांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. काळा चष्मा लावून ते दारातच भेटले. “अरे, ये, ये,” म्हणाले. रागाचा एक शब्द नाही. चहा आणताना काकू मात्र सहज बोलून गेल्या, “दर रविवारी चारला दुसरी खुर्ची मांडून ठेवायचे रे. सहा वाजले की मी उचलून ठेवायची.”

मी पुस्तकाकडे हात नेला, तर सर म्हणाले, “आता मला दिसते. आता तू ऐक.” आणि त्यांनीच मला एक उदाहरण वाचून दाखवले.

रात्री फोन हातात घेतला. खूण करावी? पण वाचून दाखवले होते ते सरांनी. ओळ पुसून टाकावी? मग ते सात रविवारही पुसल्यासारखे झाले असते. यंत्राला दोनच गोष्टी ठाऊक होत्या : झाले किंवा पुसले. ‘चुकलो’ असे लिहायला त्यात जागा नव्हती. मी काहीच केले नाही. ओळ तशीच राहिली.

ब्ल्यूमा झायगार्निक या विदुषींनी १९२७ साली बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम अधिक लक्षात राहते, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्या साऱ्याच प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला असे नाही. पण आजीच्या गाठीचे मर्म मला त्यात दिसते. उलट डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सांगितले, की डोक्यातले सारे विश्वासाच्या यादीत उतरवा, म्हणजे मन मोकळे होईल. विजेच्या बिलापुरते हे मला शंभर टक्के मान्य आहे. बिल मनात का वागवावे? पण सरांना दिलेला शब्द मी यादीत उतरवला आणि माझे मन खरोखरच मोकळे झाले. तेच वाईट झाले. ते मोकळे व्हायला नको होते.

तुम्ही म्हणाल, यात फोनचा काय दोष? काहीच नाही. ज्याला जायचेच नाही, त्याला पदराची गाठही सोडता येते. शिवाय आईच्या औषधाची वेळ त्याच फोनने मला एकदाही चुकवू दिली नाही, हे मी कसे विसरू? मला एवढेच वाटते, की काम आणि शब्द या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काम पुढे ढकलले तर ते तिथेच पडून राहते. शब्द पुढे ढकलला तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी खुर्ची मांडून बसलेले असते. त्याचे दोन तास आपल्या यादीत कुठेच दिसत नाहीत.

म्हणून कामे मी अजून फोनलाच सांगतो. दिलेले शब्द मात्र वडिलांसारखे पाठकोऱ्या कागदावर, रोज सकाळी, स्वतःच्या हाताने लिहितो. आजच्या कागदावर तीन ओळी आहेत. त्यांतली एक आज चौथ्यांदा लिहिली : मामींकडे फराळाचा डबा घेऊन जायचे, आणि नुसता डबा देऊन परत फिरायचे नाही. डबा भरून तयार आहे. लेख इथेच थांबवतो.