शारदेला कोणी विचारले?

गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ सालच्या ‘संगीत शारदा’ नाटकात कांचनभट पैशासाठी आपली मुलगी वृद्ध भुजंगनाथाला देऊ पाहतो. सगोत्र म्हणून विवाह मोडतो. तरीही शारदा जीव द्यायला नदीकडे वळते. सुटकेनंतर मरण का? आम्हांला वाटते, मोडलेल्या लग्नाचा कलंक तिच्याच माथी आला. तिची इच्छा मात्र कोणी विचारलीच नव्हती. कोदंड तिला वाचवतो.

शिरूर कासार तालुक्यातून ऊसतोडीला जाणारे काही आईबाप मुलीच्या काळजीपोटीच तिचे लग्न लवकर उरकतात. काळजी खरी; पण ती मुलीची संमती नव्हे. वधूवरांच्या मुक्त संमतीवाचून ख्रिस्तसभा विवाह मानीत नाही. ती संमती आईबापही देऊ शकत नाहीत. वाचकहो, मुलगी नदीकाठी पोहोचण्याआधी तिला घरातच विचारू या.