सूर्यास्तापूर्वीची मजुरी

जुन्या करारातील ‘अनुवाद’ ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरीविषयी एक नियम सांगितला आहे. मजूर आपल्या बांधवांपैकी असो वा आपल्या गावी आलेला परका असो, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडली पाहिजे. कारण तो गरीब आहे आणि त्याचा सारा जीव तिच्यात गुंतलेला आहे. नियम लहान असला तरी त्यातून दोन तत्त्वे स्पष्ट होतात. मजुरीच्या बाबतीत आपला आणि परका हा भेद देवाला मान्य नाही. आणि केलेल्या श्रमाचा मोबदला मालकाच्या पेटीत एक रात्रही अडकून राहता कामा नये.

आजच्या काळात मात्र मजुरीचा एक भाग असा आहे की तो त्या दिवशी देताच येत नाही. म्हातारपणासाठी बाजूला ठेवायचा तो भाग. कोठे त्याला निवृत्तिवेतन म्हणतात, कोठे भविष्य निर्वाह निधी, तर कोठे ग्रॅच्युइटी. ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे. ही लांबणीवर टाकलेली मजुरीच आहे. कामगार आज घाम गाळतो आणि त्या घामाचा काही अंश वीस वर्षांनी परत मिळेल या भरवशावर दुसऱ्याच्या हाती ठेवतो. महिन्याचा पगार थकला तर घरची चूल थंड पडते आणि लगेच ओरड होते. म्हातारपणाचा वाटा कमी भरला गेला, तर त्या दिवशी कोणालाही काहीच जाणवत नाही. म्हणूनच हा अन्याय करायला सोपा आणि उघडकीस यायला कठीण असतो.

वसईतील आणि गोव्यातील अनेक कुटुंबांचा आखाताशी जुना संबंध आहे. त्यामुळे उदाहरण तेथलेच घेऊ. संयुक्त अरब अमिरातीत १९९९ साली निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तो नागरिकांपुरता. खाजगी नोकरीतील नागरिकासाठी मालकाने वेतनाच्या १२.५ टक्के भरणा करावा असे ठरले. २०२३ च्या नव्या कायद्याने नव्याने नोकरीस लागणाऱ्यांसाठी हा वाटा १५ टक्के झाला. परदेशी कामगार या योजनेच्या बाहेर आहे. त्याच्यासाठी सेवा संपताना एकरकमी ग्रॅच्युइटी आहे: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे वेतन. परंतु हे वेतन म्हणजे हाती पडणारा पगार नव्हे. केवळ ‘मूळ वेतन’. सारी मेख या दोन शब्दांत आहे.

समजा, एका कामगाराला महिना ३,००० दिरहम मिळतात आणि तो वीस वर्षे राबतो. त्याची ग्रॅच्युइटी ५५५ दिवसांची होते. करारपत्रात मूळ वेतन २,००० आणि भत्ते १,००० असतील तर त्याला ३७,००० दिरहम मिळतील. तेच मूळ वेतन १,००० आणि भत्ते २,००० असे लिहिले तर १८,५०० मिळतील. काम तेच, महिन्याचा पगार तोच. केवळ आकडे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकले आणि म्हातारपण निम्मे झाले.

बहारीनने मार्च २०२४ पासून वेगळी वाट धरली. तेथे मालकाने परदेशी कामगारासाठी पहिली तीन वर्षे वेतनाच्या ४.२ टक्के व त्यानंतर ८.४ टक्के रक्कम दरमहा सरकारी सामाजिक विमा संस्थेत भरायची असते. कंपनी बुडाली तर कामगाराची पुंजीही बुडण्याचे भय त्यामुळे कमी झाले, हे चांगलेच झाले. तथापि कोणतीही टक्केवारी ज्या आकड्यावर मोजायची त्या आकड्याइतकीच प्रामाणिक असते. दिलेला पगार एक आणि दाखवलेला पगार दुसरा असेल, तर उत्तम कायद्यातूनही कामगाराच्या पदरी थोडेच पडते.

या व्यवहाराचे समर्थन तीन प्रकारे केले जाते. पहिला युक्तिवाद असा की, कामगाराने राजीखुशीने सही केली आहे. याला पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात उत्तर दिले आहे. कामगार आणि मालक मोकळेपणाने करार करोत. परंतु त्या कराराहूनही जुना असा नैसर्गिक न्याय आहे, आणि गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने दिलेली संमती ही बळजबरीच होय, असा त्याचा आशय आहे. एजंटचे कर्ज डोक्यावर घेऊन निघालेला तरुण रकान्यांची चिकित्सा काय करणार?

दुसरा युक्तिवाद असा: मायदेशी मिळाले असते त्याहून त्याला अधिक मिळतेच ना? प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण मजुरीचे माप कामगार कोठून आला यावर ठरायचे, की त्याने काय केले यावर? ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या १९८१ च्या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी वार्धक्यातील निवृत्तिवेतन हा कामगाराचा हक्क मानला आहे आणि देशांतर केलेल्या माणसाला श्रमाच्या हक्कांत इतरांहून कमी लेखू नये असे बजावले आहे. परक्याची गरिबी ही मालकाला मिळालेली सवलत नव्हे.

तिसरा युक्तिवाद बोलून दाखवला जात नाही, पण तोच सर्वांच्या मुळाशी असतो. हा माणूस येथे म्हातारा होणार नाही. त्याचे गुडघे दुखतील, दृष्टी मंदावेल, ते समुद्रापलीकडे. जे दिसणार नाही त्याची जबाबदारी वाटत नाही. परंतु न भरलेला वाटा हवेत विरून जात नाही. तो कोणीतरी भरतोच: शिक्षण अर्धवट सोडणारी मुलगी भरते, दागिने मोडणारी पत्नी भरते, कधी धर्मग्रामातील व्हिन्सेंट डी पॉल संस्था भरते. मालकाने वाचवलेला पैसा त्या घरांनी दिलेला असतो. आणि त्या घरांची सही कोणत्याही करारावर नसते.

येथवर वाचून आखातातील मालकावर बोट रोखणे सोपे आहे. पण ही रकान्यांची चलाखी आपल्या देशातही चालत आली आहे. मूळ वेतन कमी व भत्ते अधिक दाखवून भविष्य निर्वाह निधीचा भरणा घटवण्याच्या प्रथेविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी निर्णय दिला: सर्वांना सरसकट दिले जाणारे भत्ते हे मूळ वेतनाचाच भाग होत. आणि कायद्याच्या पलीकडे काय? आपल्या इमारतींवर वाळू वाहणारा परप्रांतीय, वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राबणारा आदिवासी, वीस वर्षे आपली भांडी घासणारी बाई यांच्या वार्धक्यासाठी कोणत्या रकान्यात काय लिहिलेले असते? परदेशात आपल्या मुलाला जे मिळावे म्हणून आपण प्रार्थना करतो, ते आपल्या दारी आलेल्या परक्याला देण्यास आपण बांधील नाही काय?

याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की, कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो देवाच्या कानी पोहोचतो. मजूर गप्प असला तरी मजुरी गप्प बसत नाही, हे त्यातील मर्म आहे. परदेशी निघालेल्या तरुणाला निरोप देताना धर्मग्रामातील एखाद्या जाणकाराने त्याचे करारपत्र त्याच्यासोबत बसून वाचावे, मूळ वेतनाचा आकडा त्याला दाखवावा; ही सेवा लहान नाही. आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याची मजुरी आहे, त्यांनी हिशेबाची वही मिटण्यापूर्वी एकदा पाहावे की, सूर्य केवळ दिवसाचा मावळत नाही, माणसाच्या आयुष्याचाही मावळतो. त्या सूर्यास्तापूर्वी त्याचे देणे चुकते व्हायला हवे.