मानेची तक्रार

मराठी भाषेत मान दोन प्रकारची असते. एक ती मान आणि एक तो मान. ती सगळ्यांना जन्मतःच मिळते. तो बहुतेकांना निवृत्तीच्या समारंभात, शाल आणि नारळासकट, एकदाच मिळतो. तो मिळेपर्यंत तिचे हाल विचारू नका. साहेबांपुढे ती खाली घालायची, घरी ती डोलवायची, लोकलमध्ये ती दुसऱ्याच्या काखेतून बाहेर काढायची आणि मार्चअखेरीला ती मोडून काम करायचं. अशी राबवलेली वस्तू चाळिशी उलटल्यावर दुखायला लागते यात नवल नाही. इतकी वर्षं गप्प कशी बसली, हे नवल.

जिराफाच्या मानेत सात मणके असतात आणि कारकुनाच्याही मानेत सातच. विधात्यानं उंची वाटताना पक्षपात केला असेल, पण मणक्यांचा हिशेब चोख ठेवला. जिराफाची मान दुखत नसावी. त्याला दिवसभर वाकून कुणाच्या सह्या पडताळायच्या नसतात.

मान दुखते हे एकदा जाहीर झालं की उशी घ्या म्हणणारे आणि उशी काढा म्हणणारे असे दोन पक्ष घरात स्थापन होतात. त्यांच्या सभा मी गाळतो, कारण माझा विषय त्यापुढचा आहे. आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरसाहेबांनी मानेत सुई घालून एक नस भाजून घेतली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. मान त्यांची, झोप माझी.

प्रकार असा. मानेच्या मणक्यांना मागल्या अंगाला दोन्हीकडे बिजागरीसारखे लहान लहान सांधे असतात. ते झिजले किंवा एखाद्या हिसक्यानं दुखावले की कुरकुरतात. ही कुरकुर मेंदूकडे पोचवायला एक बारीक नस नेमलेली असते. डॉक्टर एक्सरेच्या पडद्यावर बघत बघत त्या नसेपाशी सुई नेतात आणि रेडिओलहरींनी सुईचं टोक ८० अंशांपर्यंत तापवतात. मिनिट-दीड मिनिटात नस भाजते. टाके नाहीत, चिरफाड नाही, संध्याकाळी माणूस घरी. सांधा मात्र होता तिथेच आणि होता तसाच. फक्त त्याचं म्हणणं आता वर पोचत नाही.

माझी अडचण इथे सुरू झाली. बँकेत आम्हीही तक्रारींचं निवारण करतो. पासबुकाच्या रांगेवरचा पंखा फिरत नाही, अशी एका गृहस्थांनी तक्रार नोंदवली. वरून विचारणा आली. सात दिवसांत तक्रार निकालात काढायची असल्यानं ती काढण्यात आली. संगणकावर तिच्यापुढे ‘निवारण झाले’ असं उमटलं. पंखा अजून फिरत नाही. असल्या निवारणाला मी मनातल्या मनात लबाडी म्हणत आलो आहे आणि आता तीच गोष्ट पांढरा कोट घालून, पावती देऊन, माणसाच्या मानेत होत होती. सांधा दुरुस्त न करता तक्रार नेणाऱ्या पोस्टमनलाच जाळायचं, ही कुठली नीती?

डबा खाताना मी हे साहेबांना विचारलं. त्यांनी लोणच्याची फोड बाजूला ठेवली आणि म्हणाले, “अहो, पंखा बंद असल्याचं कुणी लिहून दिलं नाही तरी उकडायचं थांबत नाही. मानेचं वर कुणी सांगितलं नाही तर ती दुखतच नाही. दुखणं म्हणजे पंखा नव्हे. दुखणं म्हणजे ती तक्रारच.”

कॉमर्सच्या पदवीत याचं उत्तर शिकवलेलं नाही. गेले काही महिने मी ते शोधतो आहे.

आणि ही तक्रार तरी नोंदवून घेतली जाणं सोपं होतं का? साहेबांची मान चार वर्षं दुखत होती. दरवर्षी मार्चमध्ये ती जास्त दुखे, आणि त्यावर आमच्याकडे काय काय विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. शेवटी एमआरआय काढला, तर मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. सापडला गुन्हेगार! पण डॉक्टर म्हणाले, याला पुरावा धरता येत नाही. जपानमध्ये मान मुळीच न दुखणाऱ्या १२११ धडधाकट माणसांचे असे फोटो काढले होते. २०१५ साली निकाल छापून आला. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्याच होत्या. विशीतले बहुतेक तरुणही त्यात आले. म्हणजे फोटोत दिसतं त्याचं दुखतंच असं नाही.

मग पुरावा काय? तर चाचणी. त्या नसेपाशी तात्पुरत्या बधिरतेचं औषध टोचायचं आणि दुखणं थांबतं का पाहायचं. एका वेळेवर विश्वास नाही, दोनदा टोचायचं. एकदा लवकर उतरणारं औषध, एकदा उशिरा उतरणारं, आणि कुठलं कधी हे रोग्याला सांगायचं नाही. रोग्याचा आराम औषधाच्या घड्याळाप्रमाणे चालला तरच तो खरा. एकानं व्हाउचर लिहायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं, ही आमची पद्धत त्यांनी मानेत नेली म्हणा ना!

साहेब दोन्ही वेळा पास झाले. निकाल कळला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बढतीच्या वेळीही नव्हतं. चार वर्षं त्यांच्या शब्दाला जे वजन आलं नाही, ते दोन सुयांना आलं. मला हे फार लागलं. पण बोलू कुठल्या तोंडानं? दर नोव्हेंबरात मी पेन्शनर मंडळींकडून हयातीचे दाखले घेतो. गृहस्थ जिना चढून धापा टाकत समोर उभा असतो आणि मी त्याला विचारतो, “जिवंत असल्याचं काही लेखी?”

या भाजण्याचा पुरावाही असाच काटेकोरपणे घेतलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी १९९६ साली तो छापला. मोटार अपघातात मानेला हिसका बसून वर्षानुवर्षं दुखणारे २४ जण. १२ जणांची नस ८० अंशांवर भाजली. उरलेल्या १२ जणांना तीच सुई, तेच टेबल, तोच वेळ. फक्त टोक ३७ अंशांवर, म्हणजे अंगाइतकंच कोमट. कुणाला काय मिळालं हे कुणालाच माहीत नाही. न भाजलेल्यांचं दुखणं निम्म्यापर्यंत परत यायला मध्यम हिशेबानं ८ दिवस लागले. भाजलेल्यांना लागले २६३ दिवस. भाजलेल्यांपैकी पाचजणांना मानेवर थोडा बधिरपणा आला होता. त्याबद्दल मात्र एकाचीही तक्रार नव्हती.

२६३ दिवस म्हणजे आमच्या भाषेत अल्पमुदतीची ठेव. नस पुन्हा उगवते, कुरकुर पुन्हा वर पोचते, आणि मग ठेवीसारखंच नूतनीकरण करता येतं. फरक इतकाच, की इथे व्याज आपण भरायचं. प्रत्येक मानेला हा उपाय लागू पडत नाही हेही खरं.

पण माझं मन रेंगाळतं ते कोमट सुईवाल्यांपाशी. त्या बारांपैकी एक इसम २७ आठवड्यांनंतरही ठणठणीत होता. त्याची नस शाबूत, सांधा तसाच, आणि दुखणं नाही. याला जाऊन सांगायचं का, की बाबा रे, तुला काहीच केलं नव्हतं? खरं बोलावं हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्याची मान दुखत नसावी. मी असतो तर त्याला चहा पाजला असता आणि हवापाण्यावर बोललो असतो.

सगळ्याच तक्रारी जाळण्याजोग्या नसतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. हात लुळे पडू लागले, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला, तर ती निराळी फाईल. तिथे मज्जारज्जूच दाबला जात असण्याची शक्यता, आणि ती बातमी आणणाऱ्या पोस्टमनला आधी पाटावर बसवायचं. साहेबांच्या पोस्टमनकडे तसलं काही नव्हतं. चार वर्षं तो एकच पत्र रोज आणून टाकत होता.

तरीही मी एकदा म्हणून पाहिलं, “साहेब, पण ते पत्र कदाचित खुर्चीबद्दल असेल. काउंटरच्या उंचीबद्दल असेल. मानेनं बोंब मारली नाही तर वरच्यांना कळणार कसं?”

“चार वर्षं बोंब मारलीच की तिनं,” साहेब म्हणाले. “खुर्ची बदलली?”

दुखण्यानं माणूस शहाणा होतो, असं पुष्कळ थोरांनी सांगून ठेवलंय. पण दुसऱ्याची मान दुखती ठेवून ऑफिसातल्या खुर्च्या सुधाराव्यात, असं सांगायला मला धीर झाला नाही. सुधारणेचा अर्ज मी माझ्या सहीनं केला आहे. तो विचाराधीन आहे.

साहेबांना आता सात महिने झाले. मागून हाक मारली तर ते खुर्चीसकट न वळता नुसती मान वळवून बघतात, आणि आम्ही काही काम नसतानाही हाक मारतो. त्यांच्या संगणकाचा पडदा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून मी त्याच्याखाली रेकॉर्डरूममधली दोन जुनी लेजरं सरकवली आहेत. तपासनीस आले होते. लेजरं जागेवर नाहीत, असा त्यांनी शेरा मारलाय.