फॉर्म तुमचा, नंबर कॅफेवाल्याचा

मोबाइल दप्तरात टाका आणि इकडे बघा. बारावीत आलात, मिसरूड फुटलं, आणि कॉलेजच्या फीचा विषय काढला की एकच उत्तर: "सर, नेट कॅफेवाला फॉर्म भरून देतो." त्याला काय पडलंय? फी काय तो भरणार आहे?

गेल्या वर्षी याच वर्गातून गेलेल्या एका पोराचा महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज त्रुटी काढून परत आला. उत्पन्नाचा दाखला जुना जोडला होता, एवढंच. नवा जोडला असता, तर काम झालं असतं. पण फॉर्मवर मोबाइल नंबर होता कॅफेवाल्याचा! मेसेज त्याला गेला, मुदत टळली, आणि वडिलांनी हातउसने घेऊन फी भरली. पोरगं म्हणतं, "मला कोणी सांगितलंच नाही." अरे, स्वतःचा अर्ज उघडून बघायला काय झालं होतं?

आणि परवा मागच्या बाकावरून कोण म्हणालं, बँक ४ लाखांची स्कॉलरशिप देते? ते कर्ज आहे, कर्ज! ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, म्हणून ते फुकटचं होत नाही. शिकताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज त्या काळातही चढतच असतं. सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते. सही घेण्याआधी त्यांना कागद वाचून दाखवायचा, समजलं?

शिष्यवृत्ती फेडावी लागत नाही, पण तिथेही डोळे मिटून चालत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न गेलं तर फ्रीशिप: फी मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही. खुल्या प्रवर्गाला ८ लाखांपर्यंत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा, त्याच्या योजनाही वेगळ्या. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता बघा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. जागा नाही म्हणून गावी परत येऊन बसायचं नाही.

मुलींनो, तुम्ही माना खाली घालू नका. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या घरातल्या पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. मैत्रीण तिकडे गेली म्हणून व्यवस्थापन कोट्यातून शिरलात, तर ही सवलत गेली. आणि घरात कोणी म्हणालं की पोरीच्या इंजिनीअरिंगला पैसा नाही, तर हा नियम त्यांच्यापुढे ठेवा. गप्प बसू नका.

एकदा मंजूर झालं म्हणून पुढच्या वर्षी हातावर हात धरून बसाल, तर तेही चालणार नाही. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं.

उद्या प्रत्येकाने वहीत लिहून आणायचं: घरचं वर्षाचं उत्पन्न किती, तहसीलचा दाखला कुठल्या सालचा, स्वतःच्या नावावरचं बँक खातं आधारशी जोडलंय की नाही. माहीत नसेल तर आज जेवताना घरी विचारा. वही आणणार नाही तो वर्गाबाहेर उभा राहील.