वरचें पाणी आणि खालचा गांव

(वाचनासाठीं : यशया, अध्याय ७ व ८, दुसरा इतिहास, अध्याय २८)



सावित्री नदी आमच्या दारावरून वाहते, पण तिचें पाणी आमच्या दारीं जन्मत नाहीं. ती महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. म्हणून महाडचा शहाणा मनुष्य पावसाळ्यांत केवळ आपल्या अंगणावरचें आभाळ पाहून निजत नाहीं. तो विचारितो, ‘वर काय आहे?’ कारण डोंगरावर जें दिवसा कोसळतें, तें रात्रीं त्याच्या उंबऱ्यापाशीं येतें. आणि त्याच वेळीं समुद्रास भरती असली, तर पाण्यास पुढें जावयास वाट राहत नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडाजवळचा इंग्रजी अमदानींतला जुना दगडी पूल पुरानें नेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या उतारूंसह नदींत गेल्या. त्या उतारूंनीं कोणता अपराध केला होता? त्यांनीं ना पाऊस पाडिला, ना पूल बांधिला. ते केवळ खालच्या वाटेनें चालले होते.

राज्यांचेंही असेंच आहे. एका देशाच्या गादीवर वादळ सुटतें, आणि त्याचें पाणी शेजारच्या देशांत, ज्यानें ती गादी कधीं पाहिलीही नाहीं अशा मनुष्याच्या घरांत शिरतें. याविषयीं देवाचें वचन काय शिकवितें, आणि आपल्या महाडच्या मातींत त्याचा कोणता दाखला आहे, हें आज आपण पाहूं.

ख्रिस्तापूर्वीं आठव्या शतकांत इस्राएलाचें राज्य व यहूदाचें राज्य एकमेकांस लागून होतें. दोघेही एकाच बापाचे वंशज होते. दुसरा यराबाम मेल्यावर इस्राएलाच्या गादीवर रक्ताचा पाट सुरू झाला. जखऱ्यानें सहा महिने राज्य केलें. त्यास शल्लूमानें मारिलें. शल्लूमानें एक महिना राज्य केलें. त्यास मनहेमानें मारिलें. मनहेमाचा पुत्र पेकह्या, त्यास त्याचाच सरदार पेकह यानें मारून गादी घेतली. ज्यानें धन्यास मारून गादी मिळविली, त्यास घरांत सुखाची झोंप कशी यावी? पेकहानें अरामाचा राजा रसीन यास हाताशीं धरिलें, आणि दोघे मिळून यरुशलेमेवर चालून आले. शोमरोनांत उपसलेली तरवार अशी यहूदाच्या वेशीपर्यंत आली.

यहूदाचा राजा आहाज हा घाबरला. वाऱ्यानें रानांतलीं झाडें हालतात तशीं त्याचीं व त्याच्या लोकांचीं अंतःकरणें हालूं लागलीं, असें शास्त्र सांगतें. तेव्हां यशया संदेष्टा आपल्या मुलाचें बोट धरून त्यास भेटावयास गेला. कोठें? वरच्या तळ्याच्या पाटाशीं, परिटाच्या शेताच्या वाटेवर. राजा बहुधा वेढा पडल्यास पाणी पुरेल कीं नाहीं हें पाहत असावा. संदेष्ट्यानें त्यास धीर दिला कीं, हीं दोन विझत आलेलीं कोलितें आहेत; यांचा धूर पाहून भिऊं नको, देवावर भरंवसा ठेवून शांत राहा.

आहाजानें ऐकिलें नाहीं. त्यानें दूरच्या अश्शूर राजास बोलाविलें, आणि मंदिराच्या व राजवाड्याच्या भांडारांतील सोनेंरुपें त्यास नजराणा पाठविलें. अश्शूर आला, त्यानें अरामास चिरडिलें, इस्राएलाचा मुलूख तोडिला, पण आहाजास बळ मिळालें नाहीं, उलट ओझें मिळालें. यशयानें हें आधींच नदीच्या दृष्टांतानें सांगितलें होतें. यरुशलेमेजवळ शिलोहाचें पाणी मंद व निमूट वाहतें. तें या लोकांस तुच्छ वाटलें. म्हणून महानदीचें पाणी आपले कांठ सोडून यहूदांत शिरेल आणि गळ्यापर्यंत चढेल. बंधूंनो, हा दृष्टांत ज्यांस महाडांत समजणार नाहीं, त्यांस तो कोठेंच समजणार नाहीं.

आतां आपल्या भूमीकडे वळूं.

११ मार्च १७९५ रोजीं खर्डा येथें मराठ्यांच्या फौजांनीं हैदराबादच्या निजाम अलीचा पराभव केला. निजामानें तीन कोट रुपये देण्याचें कबूल केलें, दौलताबादेसह मोठा मुलूख सोडिला, आणि आपला दिवाण मशीरुल्मुल्क यास पुण्यास ओलीस ठेविलें. दोन शेजाऱ्यांमधील वाद आतां मिटला असें पुष्कळांस वाटलें असेल. पण त्याच वर्षीं २७ ऑक्टोबरास तरुण पेशवा सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून झालेल्या जखमांनीं मरण पावला. त्यास पुत्र नव्हता. गादीवर कोणी बसावें यावरून पुण्यांत पक्ष पडले. आज जो मित्र तो उद्यां वैरी, आणि परवां पुन्हा मित्र, असें होऊं लागलें. बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजीआप्पा यास दत्तक देऊन गादीवर बसविण्यांत आलें. आणि ज्या नाना फडणवीसांच्या हातीं वीस वर्षांहून अधिक काळ राज्याचीं सूत्रें होतीं, त्यांस पुणें सोडून घाट उतरून आपल्या या महाडास यावें लागलें.

येथें बसून नानांनीं रायगडाचा बंदोबस्त केला, माणसें जमविलीं, आणि चहूंकडे पत्रें धाडिलीं. निजामाचें साह्य मिळावें म्हणून ऑक्टोबर १७९६ मध्यें जो करार झाला, त्यास इतिहासांत ‘महाडचा तह’ असें नांव आहे. त्यांत काय ठरलें? खर्ड्यास निजामानें सोडिलेला मुलूख त्यास परत द्यावा आणि राहिलेली रक्कम माफ करावी! म्हणजे शिपायांनीं रणांत रक्त सांडून जें मिळविलें, तें दीड वर्षांत घरच्या भांडणाच्या भरपाईस गेलें. नाना परत पुण्यास गेले, आणि डिसेंबर १७९६ मध्यें दुसरा बाजीराव गादीवर बसला.

नाना फडणवीस हे मोठे मुत्सद्दी होते. मेलेल्या मनुष्याची निंदा करणें हा आमचा हेतु नव्हे. पण येथें एक गोष्ट शिकावी. ज्या घरांत फूट आहे, त्या घराचा शब्द शेजाऱ्यानें कितपत धरावा? एका पक्षानें दिलेलें वचन दुसरा पक्ष पाळीत नाहीं. बाजीरावानें गादी मिळाल्यावर महाडचें वचन पुरतेपणीं पाळिलें नाहीं, आणि निजामाचा दिवाण रुष्ट होऊन पुण्याहून निघून गेला. पुढें १ सप्टेंबर १७९८ रोजीं निजामानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबतां येईना, तेव्हां त्यानें दूरच्याचा हात धरिला.

याच महाडानें सहा वर्षांनीं दुसरा पळणारा पाहिला. बाजीरावानें यशवंतराव होळकराचा भाऊ विठोजी यास १८०१ सालीं क्रूरपणें मारविलें होतें. त्या वैराचें फळ २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, पुण्याच्या वेशीवर आलें. होळकरानें पेशव्याच्या व शिंद्याच्या फौजा मोडिल्या. बाजीराव सिंहगडास, तेथून रायगड-महाडाकडे, आणि पुढें समुद्रमार्गानें वसईस गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें इंग्रजांशीं तह केला. सहा हजार पायदळाची इंग्रजी फौज आपल्या मुलुखांत ठेवून घेतली, तिच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला, आणि इंग्रजांच्या संमतीवांचून दुसऱ्या राज्यांशीं बोलणें करण्याचा हक्कही सोडिला. आहाजानें भांडार दिलें. बाजीरावानें जीभ दिली. गादी त्यास परत मिळाली, पण ती आतां दुसऱ्याच्या अंगणांत होती. १० मे १८१८ रोजीं रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला, आणि पुढच्याच महिन्यांत बाजीरावही शरण गेला.

मोठ्यांच्या या खेळाचें मोल कोणीं दिलें? १८०३ सालीं शिंदे-भोसले व इंग्रज यांचें युद्ध जुंपलें. १८०३-०४ सालीं देशावर जो घोर दुष्काळ पडला, त्यास पावसाच्या ओढीबरोबर फौजांची लूट व जाळपोळही कारण झाली. भुकेलेलीं माणसें घाट उतरून कोंकणांत व मुंबईकडे आलीं. त्यांच्यापैकीं किती जणांस वसईच्या तहाचें एक कलम तरी ठाऊक असेल? तीं खालच्या गांवचीं माणसें होतीं. वरचें पाणी त्यांच्यावर आलें.

हें जुनें आहे असें म्हणून कोणी पुस्तक मिटूं नये. ५ ऑगस्ट २०२४ रोजीं बांगलादेशांत मोठा उठाव होऊन तेथील पंतप्रधान शेख हसीना यांनीं पद सोडिलें व त्या हिंदुस्थानांत आल्या. त्यानंतर दोन्ही देशांच्या जुन्या स्नेहांत अंतर पडलें. त्या दिवसांत तेथील अल्पसंख्य लोकांच्या घरांवर व देवळांवर हल्ले झाले. आणि खऱ्या बातमीबरोबर खोटी बातमीही वाऱ्यासारखी धांवली. ढाक्यापासून पोलादपुरापर्यंतचें अंतर पाहा! तरी मोबाईलवरची एक अफवा तें एका क्षणांत ओलांडते, आणि ज्या शेजाऱ्याबरोबर आपण कालपर्यंत एकाच पारावर बसलों, त्याच्याकडे आज संशयानें पाहूं लागतों. त्यानें ढाका पाहिलें आहे काय? आपणही थोडके आहों. दूर देशीं कोणीं केलेल्या कर्मासाठीं आपल्या दारीं जाब विचारला जावा, हें आपणांस कसें वाटेल? जें आपणांस नको, तें आपण दुसऱ्यास देऊं नये.

तर मग खालच्या गांवच्या मनुष्यानें करावें काय? राजांस गादीवर बसविणें वा उतरविणें आपल्या हातीं नाहीं. पण शास्त्रानें आहाजाच्याच काळची एक गोष्ट लिहून ठेविली आहे, ती फार थोडे लोक वाचतात. पेकहाच्या फौजेनें यहूदाचीं पुष्कळ बायकामुलें धरून शोमरोनास आणिलीं. तेव्हां ओदेद नांवाचा संदेष्टा विजयी फौजेसमोर उभा राहिला आणि म्हणाला कीं, हे तुमचे भाऊबंद आहेत. यांस दास करूं नका, तुमचेंही पाप देवासमोर आहे. आणि एफ्राइमांतील कित्येक प्रमुखांनीं त्याचें ऐकिलें. त्यांनीं उघड्यांस वस्त्रें दिलीं, अनवाण्यांस जोडे दिले, भुकेल्यांस जेवूं घातलें, जखमांस तेल लाविलें, अशक्तांस गाढवांवर बसविलें, आणि सर्वांस यरीहोपर्यंत त्यांच्या भावांकडे पोंचवून मग ते घरीं परतले.

पाहा, राजे तेच होते, वैर तेंच होतें. पण वाटेवर उभ्या असलेल्या मनुष्यांनीं आपल्यापुरतें तें वैर थांबविलें. आपल्या प्रभूनें शोमरोनी मनुष्याचा दाखला सांगितला तोही त्याच यरीहोच्या वाटेवरचा. आणि २२ जुलै २०२१ नंतर जेव्हां महाडच्या घरांघरांतून चिखल भरला होता, आणि तळिये येथें डोंगरानें घरें गाडिलीं होतीं, तेव्हां मदतीचा हात कोणाचा आहे हें कोणीं विचारावें?

म्हणून तीन गोष्टी आम्ही मंडळ्यांस विनवितों.

पहिली, घरचें भांडण घरांत मिटवा. आमच्या वाड्यांतून काय होतें? दोन भाऊ बांधावरून भांडतात. एक जण रागाच्या भरांत परक्यास आपला वांटा देऊन त्याचें बळ विकत घेतो. दोन वर्षांनीं बांधही जातो आणि भाऊही. मंडळींत पंचांच्या निवडीवरून दोन तट पडतात. एक तट बाहेरच्या वजनदारास बोलावितो, आणि मग तो जावयाचें नांव घेत नाहीं. महाडचा तह आपण आपल्या ओसरीवर रोज करितों! बाहेरच्यास बोलाविण्यापूर्वीं एकदां भावाच्या दारीं जा.

दुसरी, अडचणींत दिलेला शब्दही पाळा. भीतीच्या वेळीं उदार होणें आणि भीति गेली कीं कंजूष होणें, यानेंच शेजाऱ्याचें मन तुटतें. देतां येत नसेल तर कबूल करूं नका. कबूल केलें तर द्या.

तिसरी, वरून आलेली प्रत्येक बातमी पुढें लोटूं नका. आपण बंधारा व्हावें, पाट होऊं नये. गढूळ पाणी तुमच्यापाशीं येऊन निवळलें, तर खालच्या घरास स्वच्छ पाणी मिळेल.

हा उपदेश रविवारीं वाचून दाखविणाऱ्या उपदेशकबंधूंनीं शेवटीं एक प्रश्न विचारावा, आणि उत्तरासाठीं क्षणभर थांबावें : ‘या आठवड्यांत मी कोणाच्या दारीं जावयाचें टाळिलें आहे?’ ज्याचें उत्तर मनांत येईल, त्यानें सोमवारची सकाळ उजाडूं देऊं नये. त्याच सायंकाळीं निघावें.

हे शांतीच्या प्रभो, जेथें आज गादीसाठीं रक्त सांडत आहे, तेथील लेकरांस सांभाळ. आमच्या देशाच्या व शेजारच्या देशांच्या अधिकाऱ्यांस भीतीपासून राख, म्हणजे ते भिऊन वाईट सौदा करणार नाहींत. आणि आम्हांस तुझ्या मंद वाहणाऱ्या पाण्यावर संतुष्ट राहावयास शिकव. आमेन.